अवसबाईचे मामा

भिवंडीपासून कशेळीच्या खाडीपर्यंत जेवढी गोदामं आहेत, त्या सगळ्यांत मिळून माझ्या बायकोच्या मामांइतका व्यवहारशून्य माणूस झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. हे मी म्हणतो, म्हणजे विचार करा. राहनाळला हातगाडीवर रद्दी गोळा करण्यापासून सुरुवात करून वळ गावात स्वतःचं गोदाम उभं करणारा माणूस मी. समोरच्याने तोंड उघडायच्या आत तो सौद्यात कुठे येऊन थांबणार हे मला कळतं. मामा कुठे थांबणार ते मात्र मला कधीच कळलं नाही. आयुष्यभर त्यांनी साड्यांच्या काठांची नक्षी चौकटीच्या कागदावर काढली. दोन हजार सालानंतर ते काम कॉम्प्युटरवर गेलं, तेव्हा कारखान्याच्या शेठने शाल-नारळ देऊन त्यांना घरी बसवलं. मामांनी त्या शालीचा काठ निरखला आणि भर समारंभात सांगितलं, "तिसऱ्या ओळीत एक घर चुकलंय, शेठ. पुढच्या माणसाला द्याल तेव्हा सुधारून घ्या."

माझ्याकडे ते आले होते सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला. परदेशातून आलेल्या रद्दीच्या गाठी फोडायच्या, पांढरा कागद, रंगीत कागद, पुठ्ठा असं वेगळं करायचं आणि कागदगिरणीला पाठवायचं, हा माझा धंदा. त्या दिवशी नुकतीच एक गाठ फोडली होती. मामांनी तिच्यातून एक जुनं इंग्रजी चित्रकथेचं मासिक उचललं आणि गाठीवरच बसकण मारली. मुखपृष्ठावर थडग्यावर बसलेली एक केस मोकळे सोडलेली बाई, दोन सुळे बाहेर, मागे चंद्र. नाव रक्त ठिबकणाऱ्या अक्षरांत, त्यामुळे कुणालाच लागेना. कागद वेगळा करणाऱ्या बायकांतली म्होरकी यमुनाबाई म्हणाली, "ही तर अवसबाई हाय." तेच नाव पडलं. पूजेचं आमंत्रण द्यायचं राहून गेलं, आणि घरी मामींकडून बोलणी मी खाल्ली.

मामांच्या बोटांना कागद कळायचा. पान चिमटीत धरून, डोळे मिटून ते सांगत, हा गिरणी घेईल, हा परत पाठवील. असा माणूस मी सोडतो होय? म्हटलं, "मामा, रोज या, माल बघा. काय घ्याल?" म्हणाले, "ही बाई जिथं जिथं निघेल, ती माझी." घासाघीस करायची मला इतकी सवय, की मी तयारीने श्वास घेतला होता, तो तसाच सोडावा लागला.

पुढची चार-पाच वर्षं अवसबाईचं चरित्र माझ्या गोदामात तुकड्या-तुकड्यांनी उतरत राहिलं, आणि तेही उलटसुलट. आधी तिचं मरण निघालं, मग दोन महिन्यांनी मोडलेलं लग्न, मग कधीतरी बालपण. मामा अंक पुढे-मागे लावत आणि जेवणाच्या सुट्टीत बायकांना सांगत, जणू सासुरवाडीची कुणी बाई आहे. सुरुवातीला म्हणे तिला स्वतःची गोष्टच नव्हती. पहिल्या पानावर बसून ती दुसऱ्यांच्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायची आणि शेवटी एक टोमणा मारून निघून जायची. मग वाचकांनी पत्रं धाडली, की हिचं काय ते सांगा, तेव्हा कुठे तिला आईबाप मिळाले. चित्रकार बदलला की मामांना आधी कळे. "बोटं बघा. पहिला गडी हात काढायचा. हा दुसरा हात केसांत लपवतो, त्याला येत न्हाय."

एकदा यमुनाबाईने अडवलं. "मामा, ती मेली म्हनून तुमीच सांगितलंत. आता कशी उठली?"

"कंपनी बंद पडली तवा मेली. दुसऱ्या मालकानं घेतली, तवा उठली."

"मंग आमच्या घरवाल्याची लूम बंद पडली, तो का उठत न्हाय अजून?" सगळ्या हसल्या, मामाही हसले, आणि त्या दिवशी अर्धी गाठ तशीच राहिली. मी ओरडलो. माझं ओरडणं तिथे कुणी फारसं मनावर घेत नसे, आणि मामा यायचे थांबल्यावर मनावर घेऊ लागले, तेव्हा ते मला आवडेना.

अंकागणिक बाईचे कपडे कमी होत गेले, हे मामांना फार लागलं. "धंदा मंदावला की मालक बाईचं कापड कापतो," ते म्हणत. त्यांनी काळ्या शाईचं पेन आणलं आणि तिला चित्रागणिक कापड परत द्यायला घेतलं. मनगटापर्यंत बाह्या, अंगभर पदर आणि त्याला बारीक काठ, घर न चुकवता. एका मुखपृष्ठाला आठ-आठ दिवस लागत. हे सगळे अंक माझ्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात असायचे, कारण सुळेवाल्या बाईला मामी घरात घेईनात. मी ते कधी उघडून पाहिले नाहीत. माझ्या लेखी ती रद्दीच होती.

मग गिरणीच्या एका साहेबाने बोलता बोलता सांगितलं, की असले जुने अंक जमवणारे लोक मुंबईत आहेत आणि ते सांगाल तो भाव देतात. सांगाल तो भाव! माझ्या कपाटात चाळीसच्या वर अंक. माल माझ्या गाठीतून निघालेला, कपाट माझं; सौदा झाला होता हे मला आठवत होतं, पण तो सोयीने विसरता येण्याइतका जुना झाला होता. मामांना न विचारता मी गिऱ्हाईक बोलावलं.

चष्मेवाला तरुण आला, हातात पातळ मोजे घालून. पहिला अंक त्याने दोन्ही तळव्यांवर घेऊन उघडला आणि मी मनातला भाव वाढवला. तिसऱ्या अंकाला तो थांबला. चौथा, पाचवा भराभर उलटला. "हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

मामा दारातच होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारत होतं. चेहरा उजळला त्यांचा. "मी. रुईफूल काठ हाय तो. उजेडात धरा, मजा दिसंल."

तरुणाने शाईने गिरवलेले अंक मिटून बाजूला सारले. मोजे काढले, खिशात घातले आणि चहा न घेता गेला. बायका माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यात एवढा पक्का सौदा माझ्या हातून कधी निसटला नव्हता. मी सगळे अंक उचलले, पांढऱ्या कागदाची गाठ बांधायच्या प्रेसमध्ये टाकले आणि बटण दाबलं. चाळीस अंकांना किती वेळ लागणार?

मला वाटलं, म्हातारा आता अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. मामांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि यमुनाबाईला म्हणाले, "ही गाठ पांढऱ्यात नको लावू गं. रंगीत कव्हरं गेलीत आत. गिरणी परत पाठवील." मग ते गेले, आणि पुन्हा आले नाहीत.

महिनाभर मी माझी बाजू मनात घोळवली. महिन्याने कशेळीला त्यांच्या घरी गेलो. जाताना काय काय देऊ करायचं ते ठरवलं होतं: येईल ती प्रत्येक गाठ आधी त्यांच्यासमोर फोडीन, मुंबईत माणूस धाडून अंक शोधायला लावीन, वेगळं कपाट, वेगळी खोली. एकेक सांगत गेलो. मामा ऐकत होते, मध्येच मामींना म्हणाले, जावईबापूंच्या चहात साखर जास्त लागते. शेवटी मी म्हटलं, "मामा, तुम्ही सांगा. काय म्हणाल ते."

"काय न्हाय हो. असू दे," म्हणाले, आणि राहनाळचा रस्ता झाला का ते विचारू लागले.

रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले. माझी तक्रार आहे ती हीच, आणि मामा जाऊन तीन वर्षं झाली तरी ती मिटलेली नाही. माणसाने काहीतरी मागायला हवं होतं. शिवी द्यायला हवी होती. मी वाटेल तिथे थांबायला तयार होतो. ते मला सोडायला रस्त्यापर्यंत आले, ट्रक फार आहेत, सावकाश चालवा म्हणाले, आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभे राहिले.