चार ते पाच, चपला रॅकवर

लेकीच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घरातलं एक माणूस हवं होतं. ती म्हणाली, "आई, तूच. किती वाजता काय केलंस ते तू नाहीतरी लिहितेसच." खरं आहे. फ्रीज कधी पुसला याचीही माझ्याकडे नोंद असते.

तिने माझ्या रोजच्या चपलांत कागदासारख्या पातळ, वाकणाऱ्या पट्ट्या बसवल्या. त्यांच्यावर पायाचा दाब कसा पडतो त्यावरून माणूस चालतोय, उभा आहे की जिना चढतोय ते मोबाइलवर उमटायचं. मी आठवडाभर वहीत लिहायचं आणि शेवटी दोन्ही जुळायला हवं. सोमवारी परीक्षक येणार होते.

चपला दिवसभर पायात हव्यात, असा लेकीचा बेत. सासूबाईंनी तो उंबऱ्यावरच मोडला. "प्रोजेक्ट कॉलेजात. माझ्या स्वयंपाकघरात चप्पल नाही." मग बाहेर जातानाच घालायच्या, एरवी दाराबाहेरच्या रॅकवर, असं ठरलं.

रविवारी संध्याकाळी लेक ताळा घ्यायला बसली. सकाळचा फेरफटका जुळला, सीवूड्स स्टेशनपर्यंतची भाजीची फेरी जुळली. चार ते पाच मात्र जुळेना. वहीत होतं, 'झोप. चपला रॅकवर.' पट्ट्यांच्या मते मी तीन मजले उतरले, चालले, पंधरा मिनिटं उभी राहिले आणि परत जिना चढले. रोज.

"आई, तू झोपेत चालतेस का?"

"झोपेत चालले तरी लिफ्टने जाईन."

ती हसली नाही. "पट्ट्या चुकतायत. उद्या काय दाखवू मी?"

मी क्रमाने बॅटरी, मोबाइल, रॅक तपासलं. तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. चार वाजता डाव्या पायावर निम्माच भार आहे. तुझे सकाळी दोन्ही सारखे आहेत."

डाव्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी जिना आणि वजनासाठी तळलेलं बंद केलेली व्यक्ती सोफ्यावर मेथी निवडत होती. एकेक पान उजेडाला धरून.

"आजी?"

"दारात ज्या पुढे होत्या त्या घातल्या. आपल्याकडे कोण बघून घालतं?"

"पण जिन्याने का, आई?" मी विचारलं.

"लिफ्टमध्ये समोरची भेटते. ती तुला सांगते."

काय सांगते, ते विचारायची गरज नव्हती. गेटबाहेरच्या वडेवाल्याची कढई चारला तापते.

लेकीचा चेहरा उजळला होता. "म्हणजे पट्ट्या बरोबर आहेत. पण आजी, हे वहीत लिहावं लागेल."

सासूबाईंनी मेथी खाली ठेवली. "परीक्षक डॉक्टर आहेत?"

"नाहीत गं. मशीनवाले आहेत."

"मग लिहा."

आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेली नोंद खोडली. 'चार ते पाच : सासूबाई. जिना, चालणे, उभे राहणे.' त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"नुसतं उभे राहणे नको. रांगेत, असं लिही. उगाच उभी राहते असं वाटेल त्यांना."