घोंगडीखालचं स्टूल

टप्प. कॅमेऱ्याच्या भिंगावरचं पितळी टोपण निघालं की असा आवाज यायचा. मग उस्ताद सावकाश मोजायचे, "एक, दो, तीन," आणि टोपण परत बसायचं. निजामाच्या राजवटीत मानवतच्या बाजारात उस्तादांचा फोटो स्टुडिओ होता, तिथला हा आवाज. आता हॉटेलात चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "दत्तूभाऊ, त्या उडत्या माणसांचं सांगा की." एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागं दुसरा किस्सा उभाच असतो. मी सावकाश बोलणारा, शाळा दुसरीपर्यंत. पण आता घाई कुणाला आहे?

आधी माझं सांगतो. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असताना माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. नांगर धरता येईना. बायको, सगुणा, तेव्हा बोरीला माहेरी होती. तिच्या वडलांनी, म्हणजे मामांनी, निरोप धाडला, "आधी काम दावा, मग पोरगी न्या."

काम कोण देतो? उस्तादांनी दिलं. हैदराबादेहून आलेला एकटा माणूस, त्यांच्याकडंच गिऱ्हाईक नव्हतं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं लोक म्हणायचे. तरी मला म्हणाले, "आठ उंगलियाँ बाकी हैं ना? ढक्कन उठाने को दो लगतीं."

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे खंडू धनगर. थंडीचे दिवस. अंगावर काळी घोंगडी, गळ्यापासून पायापर्यंत. उस्ताद म्हणाले, "घोंगडी निकालो." खंडू म्हणाला, "घोंगडी काढली तर मी खंडू कसा दिसन?"

बसवला तसाच. मागं आमचा काळा पडदा. फोटो धुऊन निघाला तर काय, काळ्यात काळं मिसळून गेलेलं! नुसतं पागोटं, मिशा आणि डोळे. धड गायब.

आम्ही दोघं गार पडलो. आता हा कुऱ्हाड घेऊन येणार. तो आला बायकोला घेऊन. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "बराबर हाय. घरात बी ह्येंचं नुसतं तोंडच असतंय. कामाला हात कदी दिसलेच न्हाईत."

खंडू खूश. त्याला वाटलं, बायकोनं पसंत केला.

त्या रात्री उस्ताद जेवले नाहीत. विचार करत बसले. सकाळी खंडूकडून एक जुनी काळी घोंगडी मागून आणली, काळ्या पडद्यापुढं स्टुलावर टाकून खाली जमिनीवर पसरली आणि मला वर बसवलं. टप्प. फोटोत मी हवेत! खाली स्टूल नाही, जमीन नाही. खंडूच्या त्या घोंगडीनं आमची चूल पेटवली, ते मी विसरणार नाही.

*

मग आले आडतीचे शेटजी. मांडी घालून बसले तेव्हा स्टूल कण्हलं. फोटो दुकानात लावल्यावर त्यांचे हमाल गोळा झाले.  एक म्हातारा हमाल म्हणाला, "उचललं कुणी? आमाला तर पोत्याला दोघं लागतेत."

शेटजी स्वतःच इतके हसले की गादीवर आडवे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या हमालांचा फोटो काढून दिला. जमिनीवरचा. हमाल म्हणाले, "आमाला नगं उडवू. आमी खालीच बरे, माल खाली हाय."

*

गंगाखेडहून एक लिंगायत आजी आल्या. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. पोरगा म्हणाला, "लय दिवसांची इच्छा हाय तिची."

टोपण निघालं, बसलं. उस्ताद म्हणाले, "हो गया, अम्मा." आजी उठेनात.

"काय झालं आजी?"

"आरं, मी अजून उडालेच न्हाई की."

पोरगा समजावतोय, उस्ताद समजावतायत. आजी म्हणाल्या, "घाई करू नका. मी बसते. होईल तवा होईल." तासभर बसल्या. आम्ही चहा पाजला.

फोटो आला तेव्हा कळलं, घाबरून त्यांनी स्टुलाची कड घोंगडीसकट दोन्ही हातांनी आवळलेली. स्टूल दिसत नव्हतं. आजी हवेत, आणि मुठीत गच्च धरलेला अंधार. बघून म्हणाल्या, "बघा, धरलं म्हणून वाचले."

*

कुणीतरी पोलीस ठाण्यात सांगितलं, इथं जादू चालते. जमादार आले. उस्तादांचा चेहरा उतरला. स्टुडिओ बंद झाला तर माझं काम जाणार, आणि सगुणा बोरीलाच राहणार.

जमादारांनी भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले. शेटजींच्या फोटोच्या प्रतीसमोर थांबले. मिशीवर हात फिरवला. हळूच म्हणाले, "मेरा भी निकालो. लेकिन सेठ से चार उंगल ऊपर होना."

उस्तादांनी कॅमेरा जरा खाली घेतला. जमादार शेटजींच्या वर तरंगले. तक्रार कुठं गेली, कुणास ठाऊक.

*

पण ही जादूची बोलवा बोरीला पोचली होती. मामांचा निरोप आला, "ऐकतोय, तुमी माणसं हवेत टांगायलात म्हणं. माझी पोरगी टांगायची न्हाई."

मी ते उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "उनको बोलो, आके देखो." निरोप पाठवला. महिना गेला. मी आशा सोडली होती.

एका बाजारच्या दिवशी दारात बैलगाडी थांबली. मामा उतरले, मागं सगुणा पदर सावरत उभी. मामा आत आले. फोटोंकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"ते बसायचं काय हाय, ते दावा."

घोंगडीखाली काय आहे ते उस्तादांनी कुणाला दाखवलं नव्हतं. शेटजींना नाही, जमादारांना नाही. उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं आणि घोंगडी उचलली. खाली साधं लाकडी स्टूल.

मामांनी तळहात ठेवून दाबलं. स्टूल डुगडुगलं.

"ह्याच्यावर बसवतासा लोकांना?"

"शेटजी बसल्यापासून ढिलं झालंय, मामा."

मामा बाहेर गेले. गाडीतली कुऱ्हाड घेतली, बाभळीच्या ढलप्याची पाचर तासली. आत येऊन स्टूल उलटं केलं, पाचर पायाच्या सांध्यात ठोकली, पुन्हा सरळ केलं. हलवलं. मग सगुणाला आत बोलावून म्हणाले, "बस."

ती बसली. मामांनी दोन्ही हातांनी स्टूल हलवून पाहिलं. हललं नाही.

"पानी तो पियो, समधीजी," उस्ताद व्याह्याला म्हणावं तसं म्हणाले.

मामांनी गाडीतून सगुणाची ट्रंक आणली, उंबऱ्याच्या आत ठेवली. कुऱ्हाड खांद्यावर टाकली. एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्या हाताकडं. आणि गाडीकडं चालत गेले.