दाजींचा गळका व्हॉल्व्ह

पाणी पिणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण पाण्याचं बोलणं ऐकू येणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला! बायको आपल्या थोरल्या बहिणीच्या या नवऱ्याला दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्याचा 'दिवस' असतो, आणि आमच्या भागात तो दिवस दाजींच्या पायांनी उगवायचा. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी घेऊन तीस वर्षं ते रस्त्यातल्या खड्ड्यांत उतरून व्हॉल्व्ह उघडत आणि बंद करत आले. वेळ संपल्यावरही आमच्या नळाला तासभर बारीक धार यायची. ती नळाची खोड आहे असं आम्ही धरून चाललो होतो. लग्नाच्या पंगतीत दाजी जिलेबी हातात धरून मधेच थांबायचे, भिंतीला कान लावायचे आणि यजमानाला सांगायचे, "पाव्हणं, तुमचा आतला पाईप गळतोय बरं का!" सासऱ्यांचं पोट दुखलं तेव्हा डॉक्टर यायच्या आत त्यांनी तिथंही कान लावला होता. "लाईन चोकअप हाय," हे त्यांचं निदान. डॉक्टरांनी पुढे तेच इंग्रजीत सांगितलं.

तर असा हा माणूस निवृत्त झाला आणि फुलंब्रीकडचा प्लॉट विकून त्यानं घ्यावं काय? चाकांवरचं घर! कोरी करकरीत गाडी. आत पलंग, ओटा, न्हाणी, संडास आणि पोटाखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. कारण मात्र साधं होतं. गावाला पाणी सोडणाऱ्याच्या घरचे ड्रम त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, एकटीनं भरले होते. पाण्याच्या दिवशी घर सोडता येत नाही, म्हणून तीस वर्षांत त्या माहेरीही सलग आठ दिवस राहिल्या नव्हत्या. निवृत्तीच्या दिवशी दाजींनी त्यांना काय पाहिजे ते विचारलं, तर म्हणाल्या, "एकदा पाण्याच्या दिवशी मला घरी नसायचंय." झालं! गुरुवारी माहूरला देवीला निघायचं ठरलं.

आणि रविवारच्या चाचणी फेरीत, ऐन क्रांती चौकात, एक रिक्षावाला ओरडला, "चचा, पिच्छे से पानी टपक रा!"

मोरीच्या टाकीतलं साबणाचं पाणी सिग्नलला थेंब थेंब गळत होतं. अक्का खाली उतरल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आज साबणाचं हाय, उद्या दुसऱ्या टाकीचं गळंल. असल्या गाडीत मी देवीला येणार नाय." आणि त्याच रिक्षात बसून घरी गेल्या.

दाजींच्या ते फार जिव्हारी लागलं. "सारं शहर माझ्या हाताखालून वाहिलं, आन् हे टीचभर प्लास्टिक मला दाद देईना?" सोमवारी सकाळी फोन, "सापडलं! लगेच या!" रबराचं सील बदललं. मंगळवारी पुन्हा, "आता पक्कं सापडलं!" गाडी बनवणाऱ्यांचा मेकॅनिक दोन्ही व्हॉल्व्ह नवे बसवून, दोष कशातच नव्हता असं शपथेवर सांगून गेला. बुधवारी ग्रीस! तिन्ही दिवस गाडीखाली प्लास्टिकचा मग धरून मी उताणा, आणि थेंब माझ्या कपाळावर. गुरुवार तर उद्यावर आलेला.

बुधवारी संध्याकाळी अक्का चहा घेऊन आल्या आणि बाजूला उभ्या राहून बघू लागल्या. त्या व्हॉल्व्हला एक दांडी असते. बाहेर ओढली की टाकी रिकामी होते, आत ढकलली की बंद. दाजींनी ती आत ढकलली.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "हात मागं कामून घेतला?"

"कुठं घेतला?"

"घेतला. सूतभर." त्यांनी दांडी स्वतः पुरी आत दाबली. मी खाली डोळे मिटून वाट बघत होतो. थेंब नाही! आणखी एक मिनिट, तरी नाही! मी आनंदानं ओरडत उठलो आणि टाकीवर डोकं आपटलं.

दाजी मात्र हाताकडे बघत बसले होते. "यांच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहायची," ते म्हणाले. "धुणीभांडी करून ती येईस्तोवर पाण्याची वेळ संपलेली असायची. म्हणून मी वॉल पुरा बंदच करत नव्हतो. करंगळीएवढी धार ठिवायचो. तिची घागर भरायची."

"आन् मला तीस वर्षांत सांगितलं नाय?"

"तुला काय, कुणालाच नाय. ती बाई बी कवाच गेली सोडून. पण हाताला काय ठावं?"

अक्कांनी दांडी पुन्हा एकदा दाबून बघितली. मग म्हणाल्या, "उद्यापासून दांडी माझ्याकडं." गुरुवारी गाडी शहराबाहेर पडेपर्यंत मी मोटारसायकलवरून मागे गेलो, रस्ता कोरडा होता, आणि मला लहान मुलासारखा आनंद झाला होता.

पाण्याच्या दिवशी भरदुपारी माहूरहून अक्कांचा फोन आला. "आलं का हो पाणी?"

"आलंय."

"येऊ द्या! मी हितं झोपून बोलतेय!" मागून दाजी ओरडत होते, "टाकी लई फस्क्लास हाय म्हणावं!"

फोन ठेवला तोवर वेळ संपली, आणि नळ एकदम बंद झाला. नवा माणूस व्हॉल्व्ह पुरा बंद करतो. त्याचं काही चुकत नाही. तरी बायकोनं नळाखालची बादली काढली नाही, आणि मीही काढ म्हणालो नाही.