हिरव्या पट्टीतली मुलगी

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो. डमडमला घर घेतलं आणि वर्षभरात मी एका लहानशा संस्थेबरोबर रेल्वे रुळांलगतच्या वस्तीत जाऊ लागले. लहान मुलांच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळून घेर मोजायचा, एवढंच काम. हिरवा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे काळजी, लाल म्हणजे मूल उपासमारीने धोक्यात.

एक दीड वर्षाची मुलगी लालमध्ये आली. तिच्या आईला मी मोडक्यातोडक्या बंगालीत सांगितलं, "हिला पोषण केंद्रात ठेवावं लागेल. तूही सोबत राहायचं, पंधरा दिवस तरी."

तिने मान डोलावली आणि महिनाभर फिरकलीच नाही.

मग एका सकाळी स्वतःहून आली. पट्टी थेट हिरव्यावर.

"बघा दीदी, भरली ना अंगाने?"

महिन्यात एवढी? मी पुन्हा मोजलं. हिरवंच. आई माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. तेवढ्यात मुलीचे कान दिसले. लालमधल्या मुलीच्या कानांत काळा दोरा होता. हिचे कान टोचलेलेच नव्हते.

मी पट्टी गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी न कळवता तिच्या खोलीवर गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"झोपलीय ती."

"कोण? कालची, की आधीची?"

ती बाजूला झाली. मुलगी चटईवर जागीच होती. गालावर माशी बसली तरी हात हलवत नव्हती.

"काल शेजारणीची आणली होती," आई म्हणाली. "पंधरा दिवस कामाला गेले नाही तर धुण्याभांड्याच्या चारही घरचे दुसरी बाई ठेवतील. मग मोठ्या दोघांना काय घालू? आणि तुम्ही लोक पोरं ठेवून घेता म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

मला संताप आला होता, तो गिळला. शेजारणीला बोलावलं. मोठ्या मुलांना जेवू घालायचं आणि दोन घरची कामं करायची, असं तिने कबूल केलं. उरलेल्या दोन घरी मी जाऊन बोलले. एकीने ऐकलं. दुसरीने नवी बाई ठेवली.

मायलेकी केंद्रात सतरा दिवस राहिल्या. मुलगी पिवळ्यावर आली, खिचडीची वाटी बाजूला केली की रडू लागली. निघताना मी वहीत नोंद करत होते, तर आईने वही ओढूनच घेतली आणि नर्ससमोर धरली.

"काय लिहिलंय? मुलगी माझ्याकडेच राहणार ना?"

नर्सने वाचून दाखवलं. तेच तिने दुसऱ्या नर्सकडूनही वाचून घेतलं आणि मगच मुलीला कडेवर घेतलं.