हरलेल्या संघातली सर्वोत्तम खेळाडू

2010ची दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारी गोंदियाहून मला बघायला पाहुणे येणार होते, आणि अर्जुनी मोरगावच्या आमच्या घरात आईने सकाळपासून मला एकच बजावलं होतं... खेळाचं काही काढू नको.

मी तेव्हा तिथल्याच एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका होते. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. मुलगी उन्हात फार रापली आहे, असं एकांनी मध्यस्थाजवळ चक्क बोलून दाखवलं होतं. त्यामुळे आईची काळजी मला कळत होती.

पाहुणे आले. मुलगा प्रशांत, त्याचे आईवडील, आणि त्याची मोठी बहीण सुजाताताई. ताईच्या मांडीवर तिची लहान मुलगी. जयभीम झालं, चहा-पोहे झाले. बोलत होते ते माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आणि प्रशांतचे वडील... यंदाचं धान, गाडीची वेळ, कोण कुणाचा नातेवाईक.

मध्येच प्रशांतने विचारलं, शाळेत कोणता खेळ शिकवता? मी म्हटलं, बास्केटबॉल. "ताईपण खेळायची कॉलेजात," तो म्हणाला, आणि विषय तिथेच संपला. ताई मुलीचं तोंड पुसत होती. तिने वर पाहिलंही नाही.

तिच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून मी विचारलं, "ताई, परवाच्या बायकांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं वाचलं का?"

"वाचलं ना. बेस्ट प्लेयरचा अवॉर्ड चुकीचा दिला त्यांनी."

झालं...

स्पर्धा अमेरिकेने जिंकली होती, एकही सामना न हरता. पण सर्वोत्तम खेळाडू ठरली ती फायनल हरलेल्या यजमान संघातली एक जण. आमच्याकडे टीव्हीवर यातलं काही दिसलं नव्हतं. मी सायबर कॅफेत बसून एकेका सामन्याचे आकडे वाचले होते, आणि मला तो निर्णय पूर्ण पटला होता.

"चुकीचा कसा?" मी म्हटलं. "तिला काढा त्या टीममधून. त्यांना सेमीफायनलही दिसली नसती. गेल्या वेळच्या विजेत्यांना त्यांनीच घरी पाठवलं."

"आणि जिंकणाऱ्यांमध्ये एकही लायकीची नव्हती?"

"त्यांच्यातली कोणतीही एक बाहेर बसवली असती, तरी ते जिंकलेच असते. म्हणून तर..."

"म्हणजे चांगल्या टीममध्ये खेळणं गुन्हा झाला काय?"

ताईने मुलीला आपल्या आईकडे दिलं आणि पुढे सरकून बसली. समोरच्या बश्या इकडून तिकडे सरकवत ती मला दाखवायला लागली, की चांगल्या संघात एकेकीचं काम कसं झाकलं जातं. मोठेबाबा म्हणाले, पोहे घ्या ना आणखी... कुणी घेतले नाहीत. प्रशांत चहाचा कप हातात धरून नुसता बहिणीकडे बघत होता.

मी पण हट्टाला पेटले होते. "ताई, तो खेळाडूचा अवॉर्ड आहे, टीमचा नाही. हरली म्हणून तिचा खेळ कमी होतो का?"

ताई थांबली.

"मले मिळाला आहे तसा," ती म्हणाली. आतापर्यंतची तिची नीटनेटकी भाषा गेली होती. "युनिव्हर्सिटीची फायनल हरलो आम्ही. कप हातात देऊन फोटोसाठी उभं केलं मले, अन् समोर माझ्या टीमच्या पोरी रडून राहिल्या होत्या. तुले काय वाटते, मले पाहिजे होता तो?"

मी तिथे गप्प बसायला हवं होतं... पण ते मला खरंच वाटत होतं.

"नकोसा वाटला असेल, ताई. पण चुकीचा नव्हता."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मुलीला परत मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने गाडीची वेळ झाली म्हणून सगळे निघाले.

"कायले एवढं बोलाचं होतं तुले?" आई म्हणाली. "पाहुण्यासंग भांडते का कोणी?" मोठेबाबा चप्पल घालता घालता म्हणाले, "हेही गेलं समज."

मला स्थळ गेल्याचं तितकं वाटत नव्हतं. ताईचा तो थांबलेला चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता... आपण तिला दुखावलं, असंच वाटत राहिलं.

आठवडाभराने मोठेबाबांच्या मोबाईलवर प्रशांतचा फोन आला. त्याला माझ्याशी बोलायचं होतं.

"आमच्याकडून होकार आहे," तो म्हणाला. "पण एक सांगतो. लग्न झाल्यापासून ताईनं खेळाचं नावच घेतलं नव्हतं. आम्हाला वाटलं, विसरली. ती अजून हे सगळं वाचून राहते, हे त्या दिवशी तुमच्या घरी कळलं आम्हाला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् ताईनं विचारायला लावलं आहे... तुमचं मत अजून तेच आहे का?"

फोनमधला आवाज ऐकू येत होता, त्यामुळे समोर मोठेबाबा हातवारे करून मला सांगत होते, नाही म्हण, नाही म्हण.

"हो," मी म्हटलं. "तेच आहे."

"ठीक आहे. सांगतो तिला." आणि त्याच्या मागे कुणीतरी मोठ्याने हसलं.

पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. मी गोंदियाला आल्यावर, एकदा माहेरी आलेल्या ताईने तिथल्या पेटीतून तो कप काढून मला दाखवला. मी हातात घेऊन पाहिला, परत दिला.

यंदाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मात्र अवॉर्ड जिंकलेल्या संघातल्या खेळाडूलाच मिळाला. ताईचा लगेच फोन. "आता दिला ना बरोबर?" मी म्हटलं, मला दुसरीच एक पटली होती... मग भाजी करपेपर्यंत बोलत बसलो.

चार वर्षांत आमचं एकमत झालेलं नाही, आणि मला त्याची घाईही नाही. एवढ्या तावातावाने माझ्याशी बास्केटबॉलवर भांडणारं माणूस मला सासरी मिळालं... याचं मला अजूनही फार बरं वाटतं.