आमच्या ग्रामपंचायतीतला सभात्याग

बायकांसाठी राखीव जागा आल्या तेव्हा आमच्या गावात नऊपैकी तीन जागांवर बायका निवडून आल्या. त्यातली एक मी. निवडून मी आले आणि सदस्य आमचे मालक झाले. सभेला ते जायचे, चहा ते प्यायचे, आणि सहीपुरतं रजिस्टर तेवढं आमच्या ओट्यावर यायचं. सही मी झोकात करायचे.

पुढं ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत रंगीत टीव्ही आला, वर छत्री बसली, आणि गावाला दिवसभर बातम्या बघायचं वेड लागलं. पुरुष मंडळी सकाळी जी बसायची ती भाकरी खायलाच उठायची. आमच्या गल्लीतली नाली चार महिने तुंबलेली, त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पण दिल्लीचं सरकार टिकणार की पडणार, यावरून दोन सख्ख्या भावांनी अबोला धरला. मालक तर घरातही बातम्यांतल्यासारखं बोलू लागले. भाकरीला उशीर झाला की म्हणायचे, "याला जबाबदार कोण, हे जनतेला कळलं पायजे." घरातली जनता म्हणजे मी, सासूबाई आणि सातवी पास झालेली लेक.

माझा सगळा जीव त्या लेकीत अडकला होता. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची तालुक्याला, केजला, आणि केजला जायचं तर जीपला लोंबकळत. "पोरगी जीपनं जायची न्हाई," असं मालकांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे दप्तर खुंटीला आणि स्थळं सुरू. माझंही सातवीलाच थांबलं होतं, त्याचा राग अजून गेलेला नव्हता. तेवढ्यात हेडमास्तर सांगत आले की आठवीचा वर्ग मिळतोय, फक्त खोली दाखवा. ग्रामपंचायतीचा ठराव याच महिन्यात पाहिजे. गावात खोली एकच, ती टीव्हीची.

मालकांना विचारलं तर म्हणाले, "खोली दिल्यावर देशात काय चाललंय ते गावाला कळंल कसं?"

मी म्हटलं, "देशाला कळतंय का आपल्या नालीचं?"

त्यावर ते चपला घालून बातम्या बघायला निघून गेले.

ग्रामसेवक नवा बदलून आलेला, नियमाला चिकट. सदस्य बाई स्वतः हजर पाहिजे, म्हणाला. आम्ही तिघी डोक्यावर पदर घेऊन दाराजवळ बसलो. गावची रीत अशी की आल्याआल्या सही करायची, बोलणं मागून. नऊच्या नऊ सह्या झाल्या. ग्रामसेवकानं खोलीचा विषय वाचला आणि सरपंच ताडकन उभे राहिले. "आमी निषेध करतो आन् सभात्याग करतो." टीव्हीवर आठवडाभर तेच चाललं होतं. सभेचे अध्यक्ष तेच, नोटीस काढलेली त्यांनीच. मग निषेध कुणाचा, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. बाकीचे पाच हात उंचावत मागोमाग निघाले. आमचे मालक तर सदस्यही नव्हते, पण सगळ्यात मोठ्यानं घोषणा देत तेच गेले. चपला मात्र प्रत्येकानं आपापल्या हुडकून घातल्या.

समोरच्या हॉटेलात बसून ते वाट बघत राहिले. टीव्हीवर मनधरणी करायला कुणीतरी जातं, तसं कुणी येईल म्हणून. चहा दोनदा झाला. इकडं ग्रामसेवकानं आधी रजिस्टर चाळलं, मग नियमाचं पुस्तक. म्हणाला, "सह्या नऊ आहेत, कोरम भरलाय. अध्यक्ष निघून गेले तर हजर असलेल्यांनी अध्यक्ष निवडायचा." दोघींनी माझ्याकडं बोट केलं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "लिवा भाऊसाहेब. खोली आठवीला." एकीनं सुचवलं, दुसरीनं अनुमोदन दिलं. विरोधाला कुणी नव्हतंच, म्हणून त्यानं 'सर्वानुमते' लिहिलं. मला हसू आवरत नव्हतं.

मंडळी परतली तेव्हा आम्ही सतरंजी गुंडाळत होतो. मालक म्हणाले, "कावून गं, आमाला बोलवायला कुणी आलं न्हाई?"

"तुमी रागानं गेलता," मी म्हटलं. "आमी कशाला आडवं यावं?"

सरपंचांनी ठराव खोडायला सांगितला. ग्रामसेवक म्हणाला, "सही करून सभेतून निघून गेलतो, असं लेखी द्या, खोडतो." स्वतःच्याच सहीनं स्वतःचं हसं कोण करून घेणार? लेखी कुणी दिलं नाही. टीव्ही हॉटेलात गेला आणि हॉटेलवाल्याचं नशीब उघडलं.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. उद्घाटनाचा नारळ अर्थात सरपंचांनीच फोडला. आठवी आपणच आणली हे गावाला पटवायचं होतं, पण काय करून आणली ते सुचेना. थोडा वेळ घसा खाकरून शेवटी म्हणाले, "आमी उठून गेलो, म्हणून आज या पोरी हितं बसल्यात."

पहिल्या रांगेत माझी लेक बसली होती. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. इतकं खरं भाषण त्या गावात मी आधी कधी ऐकलं नव्हतं.