प्लग साफ करायचं निमित्त

आसेगावात रस्त्याला लागून जगदेव मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि खाली तेल पिऊन काळी पडलेली जमीन. माणूस हाताचा पक्का, पण बोलण्याचा भलताच कंजूष. बायको प्रयागबाई होती तोवर घरातलं सगळं बोलणं तिच्याकडेच होतं. धनजला दिलेल्या लेकीला, वैजयंतीला, आखाजी-दिवाळीचं बोलावणं धाडायची तीही तीच. दोन हिवाळ्यांपूर्वी प्रयागबाई गेली आणि लेकीला बोलावणारं कोणी उरलं नाही.

जगदेवनं स्वतः बोलवावं, तर त्याची जीभ रेटत नव्हती. फोन लावायचा, "बरी आहेस ना" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. आपणच उठून धनजला जावं, तर माणूस जुन्या वळणाचा. जिथं लेक दिली तिथलं पाणी पिणंही त्याला जड जायचं. इकडे घर मात्र खायला उठायचं.

मग त्यानं एक युक्ती काढली. जावई हरीओमची तीन सिलिंडरची छोटी गाडी होती. "दोन-तीन महिन्यांत प्लग साफ कराच लागते, अन् ते दुसऱ्याच्या हातचं काम नाही," असं त्यानं जावयाला ठणकावून सांगितलं. आता छोट्या गाडीचे, इंजिनात ठिणगी पाडणारे हे प्लग इतक्यांदा उघडायची काडीची गरज नसते. पण मिस्त्री पडला सासरा, त्याला शहाणपण शिकवणार कोण? गाडी यायची. हरीओम गावात चक्कर मारायला निघायचा, नात मांजरामागे पळायची आणि वैजयंती बापाशेजारी स्टुलावर बसायची. जगदेव प्लगवरची काजळी अशी सावकाश खरवडायचा, जणू दागिनाच घडवतोय. ती बोलायची, तो ऐकायचा. आवाज थेट आईचा. त्या आवाजासाठी हा म्हातारा महिनोन् महिने झुरायचा.

नवे प्लग टाकले असते, अगदी साधेच, तरी कितीतरी दिवस बोनेटला हात लावावा लागला नसता. म्हणून तर जगदेव नवे टाकत नव्हता. जुनेच घासूनपुसून परत बसवायचा. इथं त्याचं चुकलं.

यंदा उन्हाळ्यात ती मंडळी अशीच प्लग साफ करून घ्यायला निघाली आणि ऐन दुपारी कारंजाच्या पुढे गाडीनं झटके देऊन बैठक मारली. जवळपास सावलीला झाड नाही. बऱ्याच खटपटीनंतर ती कशीबशी सुरू झाली, रडतखडत आसेगावला पोचली. तोवर नातीचं अंग उन्हानं तापलं होतं. वैजयंतीनं तिला आत खाटेवर निजवून कपाळावर ओलं फडकं ठेवलं. जगदेवनं प्लग काढून पाहिले. एकाचं टोक पार झिजून गेलं होतं. आपल्या हौसेपायी लेकरू उन्हात भाजलं, हे त्याला लख्ख कळलं.

हरीओमनं वाटेत मंगरूळपीरला इरिडियम नावाच्या कठीण धातूच्या टोकाचे महागडे प्लग घेतले होते. डबी पुढे करत तो म्हणाला, "मामा, खरं सांगा. छोट्या गाडीले हे परवडतात का? दुकानदार तं म्हणे, गाडी उडते."

"उडत-बिडत काही नाही," जगदेव म्हणाला. "जोर तेवढाच, अ‍ॅव्हरेज तेवढाच. साधे नवे टाकले तरी गाडी अशीच पळते."

एवढ्यावर तो थांबला असता तरी ते खोटं ठरलं नसतं, आणि गाडीही येत राहिली असती. पण आतून नातीचं कण्हणं ऐकू आलं.

"पण हे टिकतात लय. वर्षानुवर्षं उघडाचं काम नाही."

"मंग टाकून द्या हेच."

जगदेवनं टाकले. त्यांचं टोक तारेसारखं नाजूक, त्यामुळे घासायचं नाही, खरवडायचं नाही. हातानं फिरवून बसवायचे, शेवटी पान्यानं बेतानं आवळायचे, झालं. वैजयंती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो बोनेट लावत होता. तिनं रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, पण बसली नाही.

ऊन उतरलं. नात उठून पुन्हा मांजर शोधू लागली. हरीओमला सकाळी दुकान उघडायचं होतं, म्हणून निघायची घाई झाली. चावी फिरवताच गाडी सुरू झाली, एक झटका नाही, एक खरखर नाही. मिस्त्री म्हणून जगदेवला बरं वाटलं, बाप म्हणून नाही. तो खिडकीपाशी आला.

"वैजू, आता गाडीचं काही काम निघणार नाही, माय."

"मालूम आहे, बाबा."

"तरी येत जाय." त्यानं खिडकीची कड धरली. "बिनकामाची येत जाय. मले करमत नाही तुह्याबिगर."

वैजयंतीनं नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"गाडी बंद करा," ती म्हणाली. "मी थांबते चार दिवस."